देवापुढचं गाऱ्हाणं आणि समुपदेशकासमोरची खुर्ची

गणपती बसला किंवा शिमग्याची पालखी दारात आली की आमच्याकडे वाडीतलं जाणतं माणूस हात जोडून पुढे होतं आणि गाऱ्हाणं घालतं. "बा देवा म्हाराजा, आज ही जी काय लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत, तेंचां काय चुकलां-माकलां असात तां पदरात घी रे म्हाराजा!" मागचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मग एकेकाचं नाव येतं. कुणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागायचीय, कुणाची सून बाळंत व्हायचीय, कुणाचा नवरा बोटीवर आहे. प्रत्येक मागण्यामागे तेच उत्तर, "व्हय म्हाराजा!"

मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. समुपदेशन म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं की मी गाऱ्हाण्यापासूनच सुरुवात करते. मनावरचं ओझं शब्दांत आणायचं, आडपडदा न ठेवता बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं "व्हय" म्हणून ते ऐकल्याची खूण द्यायची, एवढं तर तिथं होतंच. पण काही गोष्टी चारचौघांत देवापुढेही बोलता येत नाहीत. नवरा मारतो, मुलगा दारूच्या आहारी गेलाय, रात्री विहिरीकडे पाय वळतात, हे अंगणात पन्नास माणसांपुढे कोण सांगणार? शिवाय ओझं सांगून झाल्यावर त्याचं उद्या सकाळपासून काय करायचं, हा प्रश्न उरतोच. तिथून पुढे समुपदेशकाचं काम सुरू होतं.

अडचण अशी, की माणसं माझ्याकडे येताना चपलांबरोबर देवही बाहेर काढून ठेवतात. त्यांना वाटतं, ही शिकलेली बाई, हिच्यापुढे नवसाचं, कौलाचं, करणीचं बोललो तर हसेल. मग ती फक्त झोप लागत नाही, डोकं दुखतं एवढंच सांगतात, आणि ज्या विचारानं झोप उडालीय तो तसाच मनात ठेवून घरी जातात. श्रद्धेला धरून केलेलं समुपदेशन म्हणजे हे टाळणं. पद्धत नेहमीच्याच समुपदेशनाची असते. विचार, भावना, वागणं, नाती यांवर ठरावीक वेळ बसून, शास्त्र शिकलेल्या माणसाबरोबर बोलायचं. त्यात समोरच्याची श्रद्धा आवर्जून विचारली जाते, ती उपचारात कुठे हात देते आणि कुठे गळ्याशी येते ते दोघं मिळून बघतात. श्रद्धा त्याची असते, माझी मी बाजूला ठेवते.

ही काही आजची कल्पना नाही. अमेरिकेत अँटन बॉयसन नावाचे एक धर्मोपदेशक होते. १९२० साली त्यांना स्वतःलाच तीव्र मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. बरे झाल्यावर, १९२५च्या उन्हाळ्यात, त्यांनी धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात आणलं, पेशंटांशेजारी बसवलं आणि ऐकायला शिकवलं. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, पण तो 'आम्हाला जसा उमगला तसा देव' असा. प्रत्येकाचा देव वेगळा असू शकतो, एवढी जागा त्यात ठेवलीय. पुढे केनेथ पारगामेंट या मानसशास्त्रज्ञानं संकटात माणूस देवाकडे कसा बघतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. 'देव माझ्या पाठीशी आहे, तो यातून वाट दाखवेल' असा आधार घेणारे सहसा लवकर सावरतात. 'देव मला शिक्षा करतोय, त्यानं मला टाकलंय' या विचारात जे अडकतात त्यांचा त्रास वाढतो. देव एकच, देऊळ एकच, पण मनातलं नातं वेगळं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती एका माणसाच्या गोष्टीतून नीट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

किनाऱ्यावरच्या एका गावातला तांडेल, म्हणजे लाँचवरचा मुख्य खलाशी. वादळी वाऱ्यात लाँचवरून त्याचा धाकटा भाऊ पडला, तो सापडलाच नाही. त्या वर्षी या माणसानं देवीला नवस केला होता आणि तो फेडायचा राहून गेला होता. भाऊ गेला तो आपल्यामुळे, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं. समुद्रावर जाणं बंद झालं. दिवसभर पडवीत बसून तेच तेच जाळं शिवायचा. माझ्याकडे आला तेव्हा नायलॉनचा दोरा त्याच्या बोटाला गुंडाळलेला होता. बोलता बोलता तो दोरा सोडायचा, परत गुंडाळायचा. बोटावर त्याचे पांढरे वळ उठले होते.

'असं काही नसतं हो, वादळ हवामानामुळे येतं' असं मी म्हणू शकले असते. ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, वाऱ्याची दिशा तो नुसत्या वासावरून सांगायचा. मी त्याला देवीबद्दल विचारलं. ती कशी आहे, लहानपणी आई तिच्याबद्दल काय सांगायची, लाँच नवीन घेतली तेव्हा तिच्यापुढे काय बोललात. तीन-चार भेटी याच बोलण्यात गेल्या. मग एका दुपारी तो एकदम म्हणाला, "नवस माझो होतो. मग भाव कशाक व्हयो होतो तिका?" आणि स्वतःच दचकला. अपराधाच्या खाली राग होता, आणि देवीवर रागावणं हे तर त्याहून मोठं पाप वाटत होतं.

गाऱ्हाणं या शब्दाचा अर्थच तक्रार असा आहे. देवाकडे तक्रार करायची सोय आपल्या वाडवडिलांनी करून ठेवलीय, तिची मी त्याला फक्त आठवण करून दिली. आठवड्यातल्या एका साध्या दिवशी, देवळात कुणी नसताना, तो एकटा गेला आणि मनात होतं ते सगळं देवीला बोलला. पुढच्या भेटीत ते त्यानं मला म्हणून दाखवलं. त्या दिवशी तो भावासाठी पहिल्यांदा रडला.

आता इथं थांबले तर हा लेख चमत्काराची गोष्ट होईल, आणि तसं काही झालेलं नाही. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी काही आठवडे गोळ्या दिल्या. समुद्राची भीती कमी करायला आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी नुसतं बंदरावर जायचं, मग नांगरलेल्या लाँचवर बसायचं, मग खाडीच्या मुखापर्यंत. जून-जुलैची मासेमारीबंदी मध्ये आली ते बरंच झालं, घाई करायला कुणी नव्हतं. नवस त्यानं फेडला. नारळी पौर्णिमेनंतर तो परत दर्यावर गेला. भावाचं दुःख आजही आहे, ते जावं अशी त्याची इच्छाही नाही.

दुसरी एक गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगते. कोकणातल्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरात एक आजार भक्तीच्या वेषात राहतो आणि वर्षानुवर्षं ओळखू येत नाही. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. एक गृहिणी देवाची भांडी इतक्यांदा घासायची, की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. स्तोत्र म्हणताना मन जरा इकडे-तिकडे गेलं की पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांनी सुरुवातीला कौतुक केलं. पूजा दुपारी दोनपर्यंत लांबायला लागली तेव्हा कुठे काळजी वाटली. फरक ओळखायची साधी खूण आहे. भक्तीनंतर मन निवतं. मंत्रचळात पूजा संपल्यावरही निवत नाही, 'नीट झाली का' ही टोचणी उरतेच आणि ती शमवायला सगळं पुन्हा करावं लागतं. मुसलमान घरांत हाच आजार वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, परत परत करण्यातून दिसतो, त्यांच्याकडे त्याला वस्वसा असा जुना शब्दही आहे.

उपचार असा, की काम एकदाच करायचं आणि त्यानंतर उठणारी बेचैनी कुठलाही उपाय न करता सोसायची. बेचैनी भरतीसारखी चढते, पण चढतच राहत नाही, ओहोटी लागते. हे पुन्हा पुन्हा अनुभवलं की मेंदूला ते पटतं. पण 'भांडी एकदाच घासा' असं मी सांगून काय उपयोग, मी शास्त्रातली जाणकार नाही. म्हणून तिच्या परवानगीनं तिच्या घरच्या भटजींना एकदा बोलावलं. ते म्हणाले, एकदा घासली की झाली, त्यापुढे नियम नाही. हा प्रश्न त्यांना परत विचारायचा नाही हे आम्ही तिघांनी तिथंच ठरवलं, कारण पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं हाही या आजाराचाच भाग असतो. तिला गोळ्याही लागल्या. पूजा ती आजही करते. अर्ध्या तासात उरकते आणि मग चहा घेते.

अंगात येण्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. शिमग्यात, जत्रेत अवसर येतो त्याची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, गावाला तो मान्य आणि थोड्या वेळानं माणूस आपल्या कामाला लागतो. तो आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही हेच तत्त्व आहे. जे त्या समाजाच्या धार्मिक प्रथेत बसतं आणि माणसाला त्रास देत नाही, त्याला विकार म्हणायचं नाही. पण कधीही, कुठेही, नको असताना अंगात येत असेल, घरकाम आणि झोप उडाली असेल, तर बघायला हवं. नव्या सुनांच्या बाबतीत मी आधी एवढंच बघते, की एरवी तिला या घरात बोलायला मिळतं का.

आवाज ऐकू येण्याचंही तसंच. प्रार्थनेत देव बोलल्यासारखं वाटणं अनेक भाविकांना होतं. जेव्हा आवाज दिवसरात्र शिव्या देतात, हुकूम सोडतात, जेवणात विष आहे म्हणतात, तेव्हा ते वेगळं. अशा वेळी त्याच भजनी मंडळातल्या माणसांना विचारावं. 'हा आमच्यातलाच, पण ह्यो बोलता तां आमच्यातला नाय' असं ते बरोबर सांगतात. तिथं नुसतं समुपदेशन पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. जितका उशीर, तितकं औषध लागू पडायला जड.

घरात असा आजार असला की श्रद्धेवरून घराचे दोन तट पडतात. आई भगताकडे नेऊ म्हणते, मुंबईहून आलेला चाकरमानी भाऊ हे सगळं थोतांड म्हणतो, आणि मधल्या मध्ये पेशंट आठ दिवस गोळ्या घेतो, आठ दिवस घेत नाही. सगळ्यांना एकत्र बसवून मी आधी प्रत्येकाला विचारते, की तुम्हाला हे कशामुळे झालंसं वाटतं. कुणाचंच खोडून काढत नाही. मग ठरवतो. तिन्हीसांजेला दिवा लागेल, अंगारा लागेल, आई तिच्या देवाचं करील. गोळी चुकणार नाही, आणि ती रोज कोण देणार त्याचं नाव ठरेल. पुष्कळदा ते काम मी आईकडेच देते, दिव्याच्या वेळेला जोडून. भावाला सांगते, की आईच्या अंगाऱ्यानं औषधाचं काही बिघडत नाही, तुमच्या भांडणानं मात्र बिघडतं.

कौल मात्र गोळीसाठी लावू नका. डावा, म्हणजे नकाराचा, पडला तर काय कराल? एका घरानं तसा लावला होता आणि तो डावाच आला. त्यांच्या देवळातल्या म्हाताऱ्या गुरवानं सोडवणूक केली. तो म्हणाला, "जां आपल्या हातात नाय तेचोच कौल घेवचो. डाक्टराकडे जावचा तां तुमच्या हातातलाच आसा." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

धार्मिक आचार आणि औषधं यांच्या काही गाठी माहीत असलेल्या बऱ्या, त्या कुणी सांगत नाही. लिथियम ही मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी गोळी चालू असलेल्यानं निर्जळी उपवास किंवा रोजा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. इतर गोळ्यांच्या वेळा रमजानात सहरी-इफ्तारीला बसवून घेता येतात का, ते डॉक्टर सांगतात, फक्त विचारावं लागतं. बायपोलर आजार (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) असलेल्या माणसानं शिमग्यात ओळीनं रात्र रात्र पालखीबरोबर जागणं जोखमीचं, कारण झोप तुटली की उन्मादाचा झटका येऊ शकतो. दिवसा पालखी नाचवावी, रात्री झोपावं. आणि माळ घालून दारू सोडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, कित्येक घरं त्या माळेनं सावरलीत. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. माळ घालायच्या आधी डॉक्टरांना भेटा, ते दिवस औषधाखाली काढा. माळ मग जन्मभर आहेच.

भगताकडे जाणाऱ्यांना मी ओरडत नाही. रात्री दोन वाजता दार वाजवलं तर उघडणारा तोच असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) सांगतं, की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. पण मारहाण, साखळी, मिरच्यांची धुरी आली की तिथं श्रद्धेचा विषय संपला. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखालचे हे प्रकार गुन्हा ठरवले आहेत. पूजा, यात्रा, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही, तसं त्यातच लिहिलंय. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंडानं बांधायला बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. तिथं बांधून ठेवलेले पंचवीसहून जास्त रुग्ण पळता न आल्यानं जळून गेले. त्यांना तिथं आणणारी घरची माणसं वाईट नव्हती. त्यांना दुसरी वाट माहीत नव्हती.

वाट करता येते, याचं उदाहरण गुजरातमध्ये आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्गा आहे, तिथं सगळ्या धर्मांचे लोक बाधा उतरवायला जातात. २००८ पासून दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचा दवाखाना चालतो. मुजावरांना, म्हणजे दर्ग्याची सेवा करणाऱ्यांना, आजाराच्या खुणा शिकवल्या आहेत. ते दुआ करतात आणि दवेसाठी शेजारच्या खोलीत पाठवतात. 'दवा आणि दुआ' असंच त्याला म्हणतात. आपल्याकडे गुरव, मानकरी, मौलवी, चर्चचे फादर, विहारातले कार्यकर्ते यांच्या बाबतीत हे का होऊ नये? मी माझ्यापरीनं गुरवांना भेटत असते, आणि आतापर्यंत एकानंही मला दारातून परत पाठवलेलं नाही.

समुपदेशक निवडताना थोडं पारखून घ्या. शिक्षण कुठलं, ते विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. औषध लिहून द्यायचा अधिकार समुपदेशकाला नाही, तो मानसोपचारतज्ज्ञाला. जो तुमच्यावर स्वतःचा देव किंवा गुरू लादतो, बाधा आहे म्हणून सांगतो, गोळ्या बंद करायला लावतो किंवा त्यागाच्या नावानं मार सोसत राहा म्हणतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. जागतिक मानसोपचार संघटनेनं २०१६ साली स्पष्ट सांगितलंय, की रुग्णाच्या श्रद्धेची आदरानं चौकशी करावी आणि आपल्या पदाचा वापर धर्मप्रसारासाठी करू नये. याची दुसरी बाजूही आहे. आमच्याकडे बौद्ध घरं आहेत, त्यांना नवस-कौल नको असतो, बुद्धवंदना आणि आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, जवळचं वाटतं. काहींना कुठलाच देव नको असतो. त्यांच्यापुढे देवाचं नाव काढणंही चुकीचंच.

लहान गावात सगळ्यात मोठी भीती बाहेर कळण्याची. रिक्षा कुणाच्या दारात थांबली, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. म्हणून फोनवरून सुरुवात करणं सोपं. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. समोरासमोर भेटायचं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी आहे, आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. जीव द्यायचे विचार येत असतील तर सणवार, अमावास्या काही बघू नका, त्याच क्षणी फोन करा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. तसा प्रयत्न झालेल्या माणसाला २०१७चा कायदा गुन्हेगार मानत नाही, तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालतो.

फोन लावल्यावर पहिलं वाक्य सुचत नाही, असं बरेच जण सांगतात. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, तेच इथं देते. "माझ्या नातवाला असं असं होतंय. देवाचं आम्ही सगळं केलंय, ते करत राहणार. आता तुमच्या हातात काय आहे ते सांगा." पुढचे प्रश्न पलीकडचा माणूस विचारतो.